भाऊसाहेब कुलूप परत करतो

गेल्या वर्षी जून महिन्यात, एका सोमवारी सकाळी, तिसगावात शिकाऊ वायरमन म्हणून रुजू झालेल्या भाऊसाहेबाला कामाचं साहित्य देण्यात आलं. हेल्मेट, कमरेचा पट्टा, रबरी हातमोजे, पक्कड आणि एक पितळी कुलूप. कुलूप त्याने तिथल्या तिथे परत केलं.

"याचं काय काम न्हाई," तो म्हणाला. "मी शिंगणापूरचा हाय."

भाऊसाहेब हे त्याचं पाळण्यातलं नाव आहे, हुद्दा नाही. आमच्याकडे ग्रामसेवकालाही लोक भाऊसाहेबच म्हणतात. त्यामुळे त्याला काम शिकवणारे जुने लाइनमन आव्हाडनाना खांबावरून "भाऊसाहेब, पाना द्या!" असं ओरडले, की बांधावरची दोन-चार माणसं घरकुलाचं काय झालं ते विचारायला जवळ येत. तो कुणालाही निराश करत नसे. "बघतो, करतो," म्हणे आणि पाना देई.

तो आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायला आला, तेव्हा वय अठ्ठावीस होतं. घरची शेती भावाने सांभाळली आणि याने उशिराने आयटीआय केलं. अंगाने दोरीसारखा, आवाज मात्र विहिरीतून यावा तसा. पहिल्याच दिवशी सकाळी माझी बायको स्वयंपाकघरात गेली, तर भाऊसाहेब ओट्याशेजारी पाटावर बसून शेंगदाणे खात होता. बसून झाल्यावर त्याने विचारलं, "हाय का कोन?"

त्याच्या गावची रीतच तशी. घरांना चौकट असते, दार नसतं. आत यायचं, टेकायचं, मग विचारायचं. बायकोला हे समजावून सांगितलं. तिला ते समजलं. पटलं असं म्हणता येणार नाही.

खोलीच्या दाराला कडी होती, कोयंडा होता. दोन्ही त्याने वापरले नाहीत. झोपतानाही दार सताड उघडं. ड्युटीवर जाताना तो चौकटीला एक फळी आडवी टेकवून जाई. गावाकडे कुत्री आत येऊ नयेत म्हणून अशी फळी लावतात आणि घरात कुणी नाही हेही तिच्यावरून कळतं. आठवडाभरात ती फळी बायकोने बंबात घातली. संध्याकाळी त्याने दुसरी आणली. ती जाळायला काढलेली वस्तू आहे असा तिचा समज होता. तो तिने आजही मागे घेतलेला नाही.

कुलपाबद्दल त्याचं मत ठाम होतं. "काका, कुलूप लावायचं म्हंजी शेजाऱ्याला तोंडावर चोर म्हनायचं. आमच्या आईनं आख्ख्या जल्मात किल्ली हातात धरली न्हाई."

वायरमनच्या कामात कुलूप कशासाठी लागतं, ते सांगणं भाग आहे. खांबावर चढण्याआधी डीपीजवळचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरजवळचा, लाइनचा स्विच खाली ओढायचा. त्याच्या दांड्याला कुलूप घालायचं. किल्ली चढणाऱ्याच्या खिशात राहते. तो उतरल्याशिवाय लाइन कुणाला चालू करता येत नाही.

ऑगस्टात पाथर्डी रस्त्याच्या कडेला नाना खांबावर होते. भाऊसाहेबाला त्यांनी नवं कुलूप देऊन स्विचकडे पाठवलं होतं. त्याने दांडा खाली ओढला. कुलूप खिशात ठेवलं. दांड्याला एक फळी टेकवली आणि तो नानांच्या हाताखाली परत आला. थोड्या वेळाने एक शेतकरी आला. त्याच्या कांद्याला पाणी चालू होतं आणि मोटार बंद पडली होती. त्याने फळी उचलून बाजूला ठेवली आणि दांड्याला हात घातला.

नानांनी वरून पाहिलं. ते जे ओरडले ते इथे देता येत नाही. शेतकऱ्याने हात काढला.

"फळी दिसली," तो नंतर म्हणाला. "म्हनलं कुत्र्याबित्र्यासाठी आसंल. मोडू नये म्हनून नीट ठिवली बाजूला."

नाना खाली उतरले. आधी खांबाला टेकून बसले.

"आमच्याकडं फळी लावली की कोनी पुढं येत न्हाई, नाना," भाऊसाहेब म्हणाला.

"तुमच्याकडं माझी बायको ऱ्हाती का? माझी बायको हिथं ऱ्हाती!"

"पन मानसाला चोर समजायचं म्हंजी..."

"आरं, चोर कशाला येतोय स्विचला? चोरानं आकडा टाकलाय मागच्या वस्तीवर, तो सुखात हाय! कुलूप घाईतल्या मानसासाठी आसतं. चांगल्या मानसासाठी! त्या कांद्यावाल्यानं मला मारला आसता आन् जल्मभर रडला आसता."

मग नानांनी निकाल दिला. कुलूप लावायची सवय लागेपर्यंत भाऊसाहेबाने खांबाला पाय लावायचा नाही. शिकाऊ वर्ष संपताना 'हा चढतो' असं नाना वर ऑफिसात कळवणार होते, किंवा नव्हते. नाही कळवलं तर भाऊसाहेब जसा आला तसा शिंगणापूरला परत जाणार, हे त्यालाही ठाऊक होतं.

तो त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन त्याने स्वतःच्या पैशाने कुलूप घेतलं. दुकानदाराने "कशाला लावायचंय?" असं विचारल्यावर "सवयीला" असं उत्तर दिलं. मग सराव सुरू झाला. तो सायकलला कुलूप लावी, पाण्याच्या टाकीला लावी, आमच्या शेळीच्या साखळीलाही लावी. प्रत्येक वेळी मोठ्याने म्हणे, "दांडा खाली, कुलूप बंद, किल्ली खिशात." एका सकाळी त्याने हाच क्रम आमच्या फाटकावर पार पाडला आणि किल्ली खिशात घालून तो ड्युटीवर गेला. आम्ही दुपारपर्यंत आत होतो. दूधवाल्याने पिशवी भिंतीवरून दिली.

"चांगला पोरगा हाय," बायको भिंतीपलीकडे दूधवाल्याला सांगत होती. "पन आता शिकला आसंल तर बास झालं म्हनावं."

दिवाळीनंतर नाना त्याच्या कुलपाच्या भरवशावर खांबावर चढू लागले. स्विचला कुलूप घातल्यावर ते ओढून बघायचं, ही भर भाऊसाहेबाने स्वतःची घातली. खोलीचं दार मात्र तो तसंच उघडं ठेवी. मी एकदा जिन्यात त्याला म्हटलं, आता कुलपाशी भांडण मिटलंय, तर खोलीलाही एक लाव.

तो पायरीवर बसला. "काका, तिकडं आमच्या घरात दिवसभर मानूस आसायचं. कोन मीठ न्यायला, कोन नुसतं बसायला. आई वैतागायची. हिथं दार उघडं ठिवून सा म्हैने झाले. तुमचं मांजर येतं." उठताना म्हणाला, "बंद केलं तर तेबी यायचं न्हाई."

फेब्रुवारीत आमच्या आळीच्या मागच्या खांबावरचं चिनी मातीचं इन्सुलेटर फुटलं. नाना आणि भाऊसाहेब आले. भाऊसाहेबाने दांडा ओढला, कुलूप घातलं, ओढून बघितलं आणि किल्ली नानांपुढे धरली. नानांनी ती घेतली नाही.

"चढनाऱ्याच्या खिशात," ते म्हणाले.

त्याने किल्ली खिशात घातली. मग त्याने पट्टा बांधला आणि तो चढला. इन्सुलेटर बदललं, तार बांधली. नानांनी खालून मान डोलावली. एवढ्यात तो वरून मोठ्याने म्हणाला, "काकू, कुरडया घातल्या व्हय?"

मागच्या गच्चीवरच्या बाईंनी वर पाहिलं. "घातल्यात की! तू कोन रं?"

"वरच्या खोलीतला! आन् मावशी, तुमचं वासरू सुटलंय बघा!"

पलीकडच्या अंगणातून एक म्हातारी बाहेर आली. तिने वासरू बांधलं आणि त्याला गाव विचारलं. त्याने सांगितलं. आईचं विचारलं, तेही त्याने सांगितलं. आणखी दोन गच्च्यांवर माणसं आली. कुणीतरी त्याला खाली उतरल्यावर ताक प्यायला ये म्हणून सांगितलं.

खाली पिठाच्या गिरणीचा मालक येऊन उभा राहिला. त्याचं दळण अडलं होतं.

"नाना, लाइट कधी?"

"काम चालू हाय," नाना म्हणाले.

काम मघाशीच झालं होतं.