चितळांच्या कुरणात सिक्युरिटी आली

एका जंगलात, मुलांनो, चितळांचा एक कळप होता आणि त्याचं सगळं बरं चाललं होतं. म्हणून तिथे सुधारणा करायचं ठरलं.

कुरणाच्या मधोमध मोहाचं मोठं झाड होतं. त्यावर भिकू नावाचा वानर राहायचा. तो वरून कोवळा पाला टाकायचा, चितळं खाली चरायची. वाघ दिसला की तो घसा फाडून ओरडायचा. मग चितळं पळायची. आजे-पणजे होते तेव्हापासून हे असंच चाललं होतं.

त्या कळपात चंद्री नावाची एक हरिणी होती. तिच्या पाडसाचा एक पाय अधू होता. त्याला पळायला वेळ लागायचा. त्यामुळे तिचा एक कान कायम मोहाकडे असे.

एकदा कळपाचे सरपंच शिंगाडेअण्णा जंगलाबाहेरच्या विश्रामगृहाच्या कुंपणापर्यंत जाऊन आले. येताना एक इंग्रजी शब्द घेऊन आले.

"तिकडे सिक्युरिटी असते," ते म्हणाले. "आपल्याकडे नाही."

सगळ्यांना फार वाईट वाटलं. ती वस्तू काय असते हे कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे जरा जास्तच वाटलं.

मग सगळे अर्थ विचारायला प्राध्यापक धनेशांकडे गेले. या पक्ष्याची चोच एवढी मोठी होती की तो काहीही बोलला तरी खरं वाटायचं.

"मूळ शब्द लॅटिन," धनेश म्हणाले. "'से' म्हणजे विना. 'कुरा' म्हणजे चिंता. चिंता नसणं म्हणजे सिक्युरिटी."

"आणि वाघ?" चंद्रीने विचारलं.

"व्युत्पत्तीत वाघाचा उल्लेख नाही."

सभा भरली. आपल्याला चिंता कशामुळे होते यावर चर्चा झाली. वाघ तर क्वचितच दिसतो, असं निघालं. ऊठसूट घाबरवतो तो भिकू.

"अहो अण्णा, तो ओरडतो म्हणून माझं लेकरू वाचतं," चंद्री म्हणाली.

"चंद्राबाई, तुम्ही भावनेच्या भरात बोलताय," अण्णा म्हणाले. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

भिकूला शाल आणि नारळ देऊन निरोप देण्यात आला. तो ओढ्यापलीकडच्या जांभळावर राहायला गेला. त्याच्या जागी अस्वल नेमलं. त्याला शिट्टी दिली आणि बसायला वाटेवरचा दगड दिला. येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकायचं, एवढंच काम.

ते चंद्रीला रोज हटकायचं.

"कुणाकडे?"

"अरे बाबा, मी इथलीच."

"सगळे असंच म्हणतात."

कळपाला आता गाढ झोप लागू लागली. अण्णांच्या अंगावर मांस चढलं. चंद्री मात्र वाळत चालली. तिला लोक समजावून थकले.

एके सकाळी वाघ आला.

"कुणाकडे?" अस्वलाने विचारलं.

"चितळांकडे," वाघ म्हणाला. "जेवायला."

"ओळखतात का ते तुम्हाला?"

"पिढ्यान्‌पिढ्या."

अस्वलाने बाजूला सरकून वाट दिली. चौकशी नियमाप्रमाणे झाली होती.

तेवढ्यात ओढ्यापलीकडून भिकू ओरडला. त्याला आता कुणी विचारत नव्हतं, पण वाघ पाहून गप्प बसणं त्याला जमेना. चंद्रीने पाडसाला ढुशी दिली आणि दोघं जिवाच्या आकांताने पळाली. बाकीचे मान वर करून बघत राहिले.

"तो निवृत्त झालाय," शिंगाडेअण्णा शांतपणे म्हणाले. "लक्ष देऊ नका."

हे त्यांचं शेवटचं मार्गदर्शन ठरलं.

शोकसभेत धनेश गहिवरून म्हणाले, "अण्णांना आता कसलीही चिंता नाही. या शब्दाचा इतका शुद्ध वापर माझ्या पाहण्यात नाही." नंतर ठराव झाले. अस्वलाला आणखी मोठी शिट्टी देण्यात आली. आणि चंद्रीने भर सकाळी पळून कळपात घबराट पसरवली, म्हणून तिला कळपाबाहेर काढण्यात आलं.

ती आता ओढ्यापलीकडे जांभळाखाली राहते. दिवसभर काळजी करते. भिकू वरून पाला टाकतो. पाडस मोठं झालंय, लंगडत का होईना, पळतं. मला स्वतःला ही बाई फार आवडते. तुम्ही मात्र तिचा आदर्श ठेवू नका, नोकरीत त्रास होईल.

तर मुलांनो, पाटीवर उतरवून घ्या.

तात्पर्य : सुरक्षा हवी असेल, तर काळजी करणाऱ्याला आधी बाहेर काढावं. जिवंत राहण्याचा विषय वेगळ्या खात्याकडे येतो.