खलील सर आणि छताखालचं मैदान

खलील सर ग्राउंडवर आले की आधी खाली वाकायचे. चिमूटभर माती उचलायचे, हात खांद्याच्या वर न्यायचे आणि हळूच सोडून द्यायचे. माती कुठं जाते ते डोळे बारीक करून बघायचे आणि मग जाहीर करायचे, "हवा मागून येऊन राह्यली. संगीता, सर्व्हिस हळू मार." एवढं झाल्याशिवाय आमच्या शाळेतल्या मुलींचा व्हॉलीबॉल सुरू होत नसे.

भोकरदनच्या शाळेत मी मराठी शिकवायचे आणि सर पीटी. मी जुन्या जालन्यात आईजवळ राहायचे आणि रोज एसटीनं ये-जा करायचे. सर शाळेच्या मागच्याच एका खोलीत राहायचे. त्यांचं मूळ गाव परभणीकडं कुठंतरी होतं एवढं सगळ्यांना माहीत होतं. त्यापलीकडं आठ वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

हवेचं वेड फक्त खेळापुरतं नव्हतं. सहामाहीचे पेपर वाटायच्या आधी ते खिडकीतून हात बाहेर काढून बघत आणि मुलींना जागा बदलायला लावत. एका वर्षी गॅदरिंगचा मंडप कुठल्या तोंडाचा घालायचा यावर त्यांनी हेडमास्तरांशी वाद घातला. हेडमास्तरांनी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी मंडपाचं निम्मं कापड शेजारच्या कापसाच्या पऱ्हाटीत जाऊन पडलं. सर आमच्याबरोबर ते गोळा करायला आले, पण "मी म्हणलो होतो" असं एका शब्दानंही म्हणाले नाहीत. पऱ्हाटीच्या काड्यांतून कापड सोडवता सोडवता एवढंच म्हणाले, "हवेला काय, तिला कुठं माहीत आज गॅदरिंग हाय म्हणून."

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. हेडमास्तरांनी काहीही सांगितलं, नवीन सर्क्युलर आलं, ऑफिसातल्या क्लार्कनं रजेचा नियम समजावला, की सर मान डोलवायचे, "बराबर हाय." मग जरा थांबून, "पन समजलं न्हाई."

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी आमची टीम राज्य पातळीवर गेली. कशी गेली ते आम्हालाच नीट कळलं नाही. जिल्ह्यात पोरी खरोखर जिंकल्या. विभागाच्या फायनलला मात्र समोरच्या टीमची गाडी वाटेत बंद पडली, ती टीम आलीच नाही, आणि पंचांनी आमचं नाव लिहून टाकलं. सर त्यांना जाऊन विचारत होते, "न खेळता कसं जिंकलो?" मी त्यांना ओढून परत आणलं.

मग पत्र आलं. सामने पुण्याला, इनडोअर स्टेडियममध्ये. सरांनी पत्र एकदा वाचलं आणि संध्याकाळपर्यंत दहाही मुलींच्या घरी जाऊन सांगून आले, की टीम इंदूरला चालली.

दुसऱ्या दिवशी संगीताचे वडील शाळेत हजर. संगीता आमची सगळ्यात उंच पोरगी. नेटजवळ उडी मारली की समोरच्या पोरी आधीच डोळे मिटायच्या. वडील दानापूरच्या रस्त्याला शेती करायचे, स्वभावानं शांत, पण त्या दिवशी चिडले होते.

"सर, पुण्याला म्हणला असता तर एक वेळ पाठवली असती. इंदूर म्हंजी दुसरं राज्य झालं की."

"पुन्यालाच हाय," सर म्हणाले.

"मंग काल इंदूर कसं म्हणले?"

"पुन्यातलं इंदूर हाय."

मी मध्ये पडले. इनडोअर म्हणजे घरातलं, छप्पर असलेलं स्टेडियम, असं दोघांनाही सांगितलं. संगीताचे वडील म्हणाले, "छपराखाली कुठं हॉलीबॉल असतो का? बॉल आढ्याला लागंल ना." सर माझ्याकडं वळून म्हणाले, "बराबर हाय. पन समजलं न्हाई."

शेवटी वडील तयार झाले ते एकाच अटीवर. "सर, पोरगी तुमच्या हवाली. नजरंआड होऊ देऊ नका." सरांनी छातीवर हात ठेवला. "एक मिनिट न्हाई होऊ देणार." तिथून पुढं दोन दिवस सर दहा मुली मोजत होते. एसटीत मोजल्या, नगरच्या स्टँडवर मोजल्या, चहाच्या टपरीवर मोजल्या. एकदा मलाही धरून अकरा झाल्या तेव्हा घाबरून त्यांनी पुन्हा सुरुवातीपासून मोजल्या.

रविवारी सकाळी आम्ही त्या स्टेडियमसमोर उभे राहिलो. गोल, पांढरी, बाजार समितीची दहा गोदामं आत मावतील एवढी इमारत. दारांवर आकडे लिहिलेले. सर टीमचे कोच म्हणून शेरवानी घालून आले होते, कुणाच्या तरी लग्नात शिवलेली, बिस्किटी रंगाची, गळ्यापर्यंत बटणं. गळ्यात शिट्टी. रुखसाना नावाची आमची मागची खेळाडू हळूच म्हणाली, "सर, बॅण्ड कुठंय?" सगळ्या पोरी हसल्या. सरही हसले, पण विनोद त्यांना कळला होता असं वाटलं नाही.

आत गेलो आणि सगळ्यांच्या माना वर गेल्या. वर छप्पर इतकं उंच, की खरंच आभाळाच्या जागी काहीतरी दुसरं लावून ठेवल्यासारखं. चारी बाजूंनी खुर्च्या. खाली लाकडाची चकचकीत जमीन, तिच्यात दिव्यांची प्रतिबिंबं. बोललं की आवाज वर जाऊन परत यायचा. हॉलच्या मधोमध वरपासून खालपर्यंत काळा पडदा सोडलेला. पडद्याच्या अलीकडं आमचे सामने, पलीकडं संध्याकाळच्या कव्वालीच्या कार्यक्रमाची तयारी चालू. एकाच घरात व्हॉलीबॉल आणि कव्वाली कशी, हे मलाही समजेना.

सर नेटजवळ गेले. सवयीनं वाकले. जमिनीवर हात फिरवला, हाताला काहीच लागलं नाही. मग त्यांनी शेरवानीच्या खिशातून रुमाल काढला. त्याच्यात आमच्या ग्राउंडची माती बांधून आणली होती. चिमूट वर नेली आणि सोडली.

माती सरळ खाली पडली.

सर बघतच राहिले. पुन्हा एक चिमूट. पुन्हा सरळ खाली. तेवढ्यात निळ्या कपड्यांतला एक माणूस लांब दांड्याचा पोछा घेऊन धावत आला. "अहो उस्ताद, हे काय करताय? पॉलिश आहे ते!"

"हवा बघून राह्यलो."

"हवा? एसी चालू आहे."

"कोनत्या बाजूनं?"

त्या माणसानं माती पुसली आणि तो गेला. सर माझ्याजवळ येऊन बसले. "मॅडम, इथं हवाच न्हाई. पोरींना काय सांगू?"

त्यांनी सांगण्यासारखं खरंच काही उरलं नव्हतं. पहिला सेट पोरी दिव्यांकडं बघून बघून हरल्या. बॉल वर गेला की दिव्यात नाहीसा व्हायचा आणि डोक्यावर येऊन आदळायचा. पण पोरी लवकर शिकतात. दुसऱ्या सेटमध्ये संगीतानं दिव्यांकडं बघणंच सोडून दिलं, आवाजावरून उडी मारायला लागली, आणि सेट आमचा झाला. सर उभे राहिले, बसले, परत उभे राहिले. पोरींनी पाणी मागितलं, तर ते स्वतः पाण्याचा कॅन उचलून निघाले. "तुम्ही बसा, मॅडम. पोरींवर नजर ठेवा. मी हा गेलो आन् हा आलो."

तिसरा, शेवटचा सेट सुरू झाला. सर आले नाहीत. पाच-पाच झाले. नऊ-नऊ झाले. मी बाकावरून उठून दाराकडं बघत होते. नंतर कळलं, की बाहेरचा व्हरांडा गोल होता. सर नळापासून निघाले, चार नंबरच्या दारानं आत यायचं ते विसरले, आणि त्याच व्हरांड्यात तीन फेऱ्या मारून आले. प्रत्येक दार सारखं. प्रत्येक जिना सारखा. शेवटी जे दार उघडं दिसलं त्यातून ते आत शिरले. ते पडद्याच्या पलीकडचं होतं.

तिथं त्यांना खुर्च्या दिसल्या, छप्पर दिसलं, दिवे दिसले. पोरी दिसल्या नाहीत. एकही नाही.

माइक लावणाऱ्यांनी शेरवानीतला माणूस बघितला. "आइए, आइए," म्हणत स्टेजवर नेलं. "जरा कुछ बोलिए, आवाज देख लें." हातात माइक आला. सरांच्या मनात त्या वेळी संगीताच्या वडिलांचा चेहरा सोडून दुसरं काही नव्हतं.

इकडं चौदा-तेरा झाले होते. समोरच्या टीमचे चौदा, आमचे तेरा, सर्व्हिस त्यांची. बॉल आमच्याकडं आला, रुखसानानं उचलला, संगीता उडी मारायला निघाली, आणि त्या अख्ख्या इमारतीच्या भिंतींतून, छपरातून, खुर्च्यांच्या खालून आवाज आला :

"संगीता! रुखसाना! जिथं हायत तिथंच थांबा! बिलकुल हलू नका!"

आमच्या पोरी थांबल्या. सहाच्या सहा. सरांनी थांब म्हटलं की थांबायचं हे त्यांना चार वर्षं शिकवलेलं होतं. बॉल संगीताच्या समोर पडला, दोन टप्पे खाऊन बाकाखाली गेला.

पंचांना शिट्टी वाजवावी की नाही तेच कळेना. त्यांनी दुसऱ्या पंचांकडं बघितलं. दुसरे वर छपराकडं बघत होते. मग दोघांनी पुस्तक काढलं, चाळलं, आणि पॉइंट समोरच्या टीमला दिला. पंधरा-तेरा.

काळ्या पडद्याखालून आधी पाण्याचा कॅन आला, मग सर आले. शेरवानीचे गुडघे मळलेले. आधी त्यांनी पोरी मोजल्या. दहा भरल्या तेव्हा श्वास सोडला. मग बोर्डाकडं बघितलं.

"खेळ का थांबिवला?"

पोरी एकमेकींकडं बघायला लागल्या. शेवटी संगीता म्हणाली, "सर, तुम्हीच म्हणले ना, हलू नका म्हणून."

"मी?" सर म्हणाले. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर सगळं उमटत गेलं. "बराबर हाय," ते म्हणाले. पुढचं वाक्य आलंच नाही. पहिल्यांदाच त्यांना काहीतरी पूर्ण समजलं होतं.

पोरी रडतील असं मला वाटलं होतं. एक रडलीसुद्धा. पण रुखसानाला मध्येच हसू फुटलं, मग संगीताला, आणि मग त्या लाकडी जमिनीवर बसून दहाही जणी पोट धरून हसायला लागल्या. सर कॅन घेऊन एकेकीला पाणी देत होते. कुणाच्याही तोंडाकडं बघत नव्हते.

दुपारी मुख्य दाराजवळच्या एसटीडी बूथवर पोरींनी रांग लावली. कुणाच्या घरी फोन होता, कुणाच्या शेजारच्या दुकानात. संगीतानं गावातल्या किराणा दुकानात लावला, कुणीतरी पळत जाऊन वडिलांना बोलावून आणलं, आणि ती त्यांना हसत हसत सगळं सांगत सुटली. "आप्पा, सरानं नजरंआड न्हाई होऊ दिलं. मॅच थांबिवली पन होऊ दिलं न्हाई!" सर चार पावलांवर पाठमोरे उभे होते.

सगळ्यांचं झाल्यावर मी म्हणाले, "सर, तुम्हाला लावायचा का कुठं?"

ते नको म्हणाले. मग काय वाटलं कोण जाणे, आत गेले आणि काच लावून घेतली. मी बाहेरून बघत होते. त्यांनी नंबर फिरवला. रिसीव्हर कानाला धरून उभे राहिले. ओठ हलले नाहीत. बराच वेळ तसेच उभे राहिले, मग रिसीव्हर जपून ठेवला आणि बाहेर आले.

"कुणाला लावला?"

"शाळेत."

"आज रविवार आहे, सर. कोण असणार शाळेत?"

"मालूम हाय." ते जरा हसले. "दुसरा कोन्ता नंबर पाठ न्हाई मला. घंटी वाजून राह्यली होती. म्हणलं, वाजू दे थोडी."

मी बूथमध्ये गेले, जालन्याचा नंबर फिरवला. आईनं उचलल्यावर म्हटलं, "आई, आमचे खलील सर आहेत, बोल त्यांच्याशी," आणि दार उघडून रिसीव्हर त्यांच्या हातात दिला. आई आणि सर एकमेकांना कधी भेटलेले नव्हते.

सरांनी शेरवानीचं वरचं बटण लावलं. "सलाम, आई," म्हणाले. "पोरी हारल्या न्हाईत. मी हारविलं." मग पलीकडून आई काहीतरी बोलली. सर ऐकत राहिले. मग त्यांनी रिसीव्हरवर हात ठेवला आणि माझ्याकडं वळले. माती सरळ खाली पडली तेव्हाही त्यांचा चेहरा इतका गोंधळलेला नव्हता.

"मॅडम," ते हळू आवाजात म्हणाले, "तुमच्या आई विचारून राह्यल्या, जेवलात का म्हणून. काय सांगू?"