तायडेंना काही माहीत नसतं

आमचे शेजारी तायडे यष्टीत तीस वर्षं कंडक्टर होते, आणि बुलढाण्याची गाडी किती वाजता आहे हे त्यांना माहीत नाही. कोणी विचारलं की चेहरा फुलतो. "मले नाही मालूम भाऊ. चाला, इचारू!" आणि चपला घालून त्या माणसाबरोबर आमच्या धाड गावच्या स्टँडपर्यंत चालत जातात. आता बोला!

मी निवृत्त हेडमास्तर. गाड्यांच्या वेळा मला पाठ. सोयाबीनवर काय फवारावं, सातबारा कुठे मिळतो, सगळं सांगतो. त्यांच्या ओट्याला लागूनच माझा ओटा. पण लोक माझ्यासमोरून पुढे जाऊन त्यांना विचारतात! हो, जळतो मी, साफ सांगतो. बाजाराच्या दिवशी त्यांच्याकडे टेकायला जागा नसते, आणि माझ्याकडे नुसता पेपर. बरं, माणूस झोपतो कसा! दुपारचं घोरणं आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येतं. मला जगातल्या सगळ्या लढाया ठाऊक, म्हणून मला रक्तदाबाची गोळी.

एकदा मी खवचटपणे विचारलं, "आज वार कोणता, तेवढं तरी?"

"कालच्या नंतरचा असंन, गुरुजी," म्हणाले आणि चहा ओतला मला.

पण गेल्या महिन्यात हद्द झाली. माझ्या बायकोचे, सुमनचे, पाय सुजत होते. मी तिला सांगितलं होतं, वयानं होतं, मीठ कमी कर. तर तिनं कुंपणावरून पाय तायडेंना दाखवले! ते म्हणाले, "मले नाही मालूम वहिनी. उद्या बुलढाण्याले जाऊ, डॉक्टरले इचारू."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "माझ्या घरात सांगायला मी आहे ना!" मी तणतणलो. "तुम्हाला काही कळत नाही, मग मधात बोलता काऊन?"

ते हसले नाहीत. "गुरुजी, पहिले मलेही सारं मालूम होतं. माही बायको शांती, तिचं पोट दुखे. मी म्हनो, पित्त आहे, सोडा पी. सहा महिने पेत राह्यली बिचारी, अन् गेली. माह्यावर भरोसा होता तिचा." पायातल्या चपलांकडे पाहत म्हणाले, "तवापासून 'मले मालूम आहे' म्हनायची हिंमत नाही होत. पहिले लाज वाटे. आता लय हलकं वाटते. अन् लोकायसंग चालनं होते. घरी कोन बोलते मले?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं बुलढाण्याला गेलो. डॉक्टरांनी मला विचारलं, "रात्री यांना दम लागतो का? झोपताना उशा किती लागतात?"

मी सुमनच्या तोंडाकडे पाहत राहिलो.

"तीन," ती म्हणाली. "दिवाळीपासून."

शेजारीच झोपतो हो मी!

दुखणं हृदयाचं निघालं. पण वेळेत आणलंत, गोळ्यांवर भागेल, असं डॉक्टर म्हणाले. मी सुमनचा हात धरून बाहेर आलो. तायडे बाकावर बसले होते. त्यांना सगळं सांगितलं.

"बेस झालं, बेस झालं," ते पुटपुटले, आणि आमच्या हातांकडे पाहत राहिले. त्या नजरेत हेवा होता. मला तो चांगला ओळखता येतो. सुमनचा हात सोडावा की तसाच धरून ठेवावा, मला खरंच कळेना.