विंडल बीच, रेव्हिजन एकवीस

खांबेटे काका ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमध्ये हमखास रस्ता चुकतात. इथे राहायला येऊन त्यांना अकरा वर्षं झाली, तरी ग्रोसरीहून घरी येताना निदान एक यू-टर्न ठरलेला. एकदा आमच्याकडे जेवायला निघाले आणि अर्ध्या तासाने कुठल्याशा गॅस स्टेशनवरून त्यांचा फोन आला. "नीता, मी कुठे आहे?" आमचं घर त्यांच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून आहे.

हाच माणूस विंडल बीचमध्ये मात्र डोळे मिटून फिरू शकतो. विंडल बीच हे ऑस्ट्रेलियात, अॅडलेडच्या दक्षिणेला, समुद्राकाठचं एक चिमुकलं उपनगर. तिथल्या जेटीपासून बेकरी दोनशे बारा पावलांवर आहे, बेकरीच्या पायरीचा उजवा कोपरा तुटलेला आहे, आणि दुपारी वारा सुटला की स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर वाळू येते, हे सगळं काकांना पाठ आहे. काका ऑस्ट्रेलियाला कधीही गेलेले नाहीत.

"घरात मीठ कुठे असतं ते विचार यांना," काकू म्हणतात. "नाही सांगता येणार. विंडलमध्ये मीठ कुठे मिळतं ते सांगतील."

"स्टेशनसमोरचं दुकान," काका पेपरातून डोकं वर न काढता सांगतात. "रविवारी बंद."

काका ह्यूस्टनच्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन आहेत. रिफायनरीतले पाइप कुठून कुठे जातात त्याची ड्रॉइंग काढायची, हे त्यांचं काम. मला वाटतं, त्या कामामुळे त्यांना जग तसंच दिसायला लागलंय. ड्रॉइंगमध्ये काही बदललं की नवा आकडा पडतो, रेव्हिजन एक, रेव्हिजन दोन. काका हा नियम सगळीकडे लावतात. काकूंची साबुदाण्याची खिचडी जरा वेगळी लागली की घास हातात धरून विचारतात, "ही रेव्हिजन कुठली?" माझ्या बाबांनी एकदा भारतातली काहीतरी बातमी सांगितली, तर काका म्हणाले, "साइटवर बघून सांगताय की ऐकून?" बाबा मशीन शॉपमध्ये काम करतात, भिडस्त आहेत. ते म्हणाले, "ऐकून." त्यानंतर काकांसमोर ते बातम्या सांगत नाहीत.

कंपनीत कॉम्प्युटर आले तेव्हा जुनी ड्रॉइंग बोर्डं काढून टाकली. त्यातलं एक काकांनी स्टेशन वॅगनच्या टपावर बांधून घरी आणलं आणि गराजमध्ये उभं केलं. गाडी तेव्हापासून टेक्ससच्या उन्हात बाहेर भाजते आणि गराजमध्ये टेबलफॅनसमोर, त्या बोर्डावरच्या नकाशात, विंडल बीच राहतं.

मी त्या गराजमध्ये गेले ते कॉलेजमुळे. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. त्यामुळे काय येत नाही आणि ते कुणाला विचारायचं, दोन्ही मला कळत नसे. जिऑग्रफीच्या बाईंनी सांगितलं होतं, एखादी वस्ती घ्या, ती कशी वसली आणि कशी बदलली ते वर्गापुढे उभं राहून सांगा. वर्गातल्या निम्म्या मुलांनी इथून जवळचं समुद्राकाठचं गॅल्व्हस्टन घेतलं. मला वर्गापुढे उभं राहायचं म्हटलं तरी घाम फुटायचा. आई म्हणाली, "खांबेटे काकांना विचार. त्यांच्याकडे एक गाव आहे."

काकांनी मला चार शनिवार दिले. पहिल्या शनिवारी फक्त समुद्र.

"विंडलचा समुद्र पश्चिमेला," ते म्हणाले. "आपल्या हर्णैसारखा. सूर्य पाण्यात बुडतो. गॅल्व्हस्टनला बघितलंयस? सूर्य घरांच्या मागे जातो. मी तिथे समुद्राकडे पाठ करून उभा होतो. हा काय समुद्र झाला?"

मग वाळूच्या टेकड्या, टेकड्यांमागची ओहळाची दलदल, मग सहा समांतर रस्ते. समुद्राकाठच्या रस्त्यावर नॉरफोक पाइनची एक्केचाळीस झाडं होती, आता चाळीस आहेत. मधलं एक वाळल्याचं कळलं त्या दिवशी काका जेवताना गप्प होते, असं काकूंनी सांगितलं. शेवटी काकूंनी विचारलं तेव्हा काका म्हणाले, "आज विंडलचं एक झाड गेलं." रेव्हिजन सोळा.

इतिहास तिसऱ्या शनिवारी. आधी तिथले मूळ लोक. ते टेकड्यांमागे वाळूत खड्डे खणून गोडं पाणी काढायचे आणि उथळ पाण्यात मासे धरायचे. त्यांनी त्या जागेला काय नाव ठेवलं होतं ते काकांना अजून मिळालेलं नाही. नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात प्रत्येक रेव्हिजनमध्ये एक ओळ असते, 'मूळ नाव: माहीत नाही. शोधणे.' मग गोरे आले, गव्हाची पोती जहाजात भरायला जेटी बांधली. मग शहरातून रेल्वे आली आणि पोत्यांच्या जागी आंघोळीला येणारी माणसं. मग कुणाला तरी समुद्र दिसणारी घरं हवीशी वाटली, म्हणून टेकड्या सपाट केल्या. त्या वर्षापासून समुद्र किनारा खायला लागला.

"आता काय होतं माहितीये?" काका पेन्सिल खाली ठेवून म्हणाले. "समुद्र वाळू उत्तरेला नेतो. कौन्सिल ट्रकमध्ये भरून ती परत दक्षिणेला आणून टाकतं. दरवर्षी. दोघंही दमत नाहीत."

हे सगळं त्यांना कुठून कळलं? विंडलला त्यांचा धाकटा भाऊ राहतो, बाळू. शाळेत गणित शिकवतो, एकटाच असतो. काका नकाशाचा नवा कागद करून त्याला पाठवतात. ऑफिसात ड्रॉइंग जसं तपासतात तसा बाळूने तो तपासायचा, बरोबर असेल त्यावर पिवळी पेन्सिल, चूक असेल तिथे लाल. मग कागद परत येतो आणि सोबत निळं एअरमेलचं पत्र. साधारण महिन्याभरात. ती पत्रं काकांनी फाइलला लावून ठेवली आहेत. "हा तुझा पुरावा," असं म्हणून ती फाइल त्यांनी माझ्या हातात दिली. एवढं महत्त्वाचं काही आजवर कुणी माझ्यावर सोपवलं नव्हतं.

पत्रांत बाळूकाकाबद्दल काही नव्हतं. जेटीच्या खांबांची संख्या होती, भरतीच्या वेळा होत्या, बेकरीवाल्या बाईंनी दाराला कुठला रंग दिला ते होतं.

चौथ्या शनिवारी रेव्हिजन एकवीस तयार झाली. काकांनी ती मला दिली. "तुझी कॉपी काढून घे, आणि हा कागद पुठ्ठ्याच्या नळीत घालून पोस्टात टाक. कॉलेजच्या रस्त्यावरच आहे ना पोस्ट? मी गेलो तर परत कधी येईन सांगता येत नाही."

मी घरी पत्रं समोर ठेवून माझी कॉपी तपासली, काकांनी शिकवलं होतं तशी, पिवळ्या पेन्सिलने. सगळं पिवळं झालं. राहिली फक्त बेकरी. नकाशात ती पोस्ट ऑफिसच्या दक्षिणेला होती. पत्रात साफ लिहिलं होतं, उत्तरेला. मी पुन्हा वाचलं. बेकरी, दोनशे बारा पावलंवाली. काकांना नुकताच नवा चष्मा लागला होता. मला फार वाईट वाटलं. एवढा ड्रॉइंगमध्ये मुरलेला माणूस, आणि धाकट्या भावासमोर त्याची अशी चूक निघणार. मी खोडरबर घेतलं, मूळ कागदावरची बेकरी अलगद पुसली आणि योग्य जागी काढली. अक्षरसुद्धा काकांसारखं वळवलं. मग कागद नळीत घालून पोस्टात टाकला. कुणाला बोलले नाही. मनातल्या मनात मात्र स्वतःवर खूश होते.

कॉलेजात माझं भाषण बरं झालं. सुरुवातीला आवाज फुटला नाही, पण जेटीपर्यंत पोचले आणि मग चालत राहिले. शेवटी बाईंनी विचारलं, तू तिथे कधी गेली होतीस? मी म्हटलं, मी नाही गेले, आणि ज्यांनी मला शिकवलं तेही नाही गेले. वर्ग हसला. त्या हसल्या नाहीत. त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.

हे काकांना सांगायला गेले तेव्हा नकाशा पाठवून पाच आठवडे झाले होते. काका ड्राइव्हवेच्या टोकाशी मेलबॉक्स उघडून उभे होते. सहाव्या आठवड्यातही तिथेच. सातव्यात काकू म्हणाल्या, "यांना सांग बाई, डबा उघडा ठेवून पत्र लवकर येत नाही."

काकांनी त्या दिवशी भरतीची वेळसुद्धा सांगितली नाही, एरवी जेवताना ती सांगितल्याशिवाय पहिला घास घेत नाहीत.

त्यांना बरं वाटावं म्हणून मी सांगून टाकलं. "काका, पोस्टाचा गोंधळ असेल. नकाशात काही प्रॉब्लेम नव्हता. एक चूक होती, बेकरीची, ती मी पाठवायच्या आधी दुरुस्त केली."

काकांनी चष्मा काढला. "खोडून?"

"हो. कळणारसुद्धा नाही."

"किती चुका दुरुस्त केल्यास?"

"एकच."

"एकच होती," काका म्हणाले आणि गराजमध्ये गेले.

मी काकूंकडे बघितलं. त्यांनी गॅस बंद केला. मग हळूहळू बोलायला लागल्या. सासरे गेले तेव्हा काकांच्या ग्रीन कार्डाचं काम अर्धवट होतं. अमेरिका सोडली तर परत येता येणार नव्हतं, म्हणून काका भारतात गेले नाहीत. आजारपण, शेवट, नंतरचं सगळं, बाळूने एकट्याने केलं. "भांडला असता तर बरं झालं असतं," काकू म्हणाल्या. "भांडला नाही. नुसता गप्प झाला. मग तिकडे ऑस्ट्रेलियाला गेला. कसा आहेस विचारलं की उत्तर एका ओळीचं, 'बरा आहे.' पुढे सहा महिने काही नाही. एकदा यांनी सहज विचारलं, तुमच्या जेटीला खांब किती? तर गेला, मोजून आला, दोन पानं लिहिली. लहानपणापासून तसाच आहे तो. कुणी चुकीचं सांगितलं की त्याला राहवत नाही."

"पण मग चूक..."

"पहिल्या आठ-नऊ नकाशांत खरोखरच्या चुका होत्या. पुढे सगळं बरोबर यायला लागलं. मग हे मुद्दाम एक ठेवायला लागले. सगळं बरोबर असलं तर तो लिहील कशाला?"

मी गराजमध्ये गेले. मी म्हटलं, "काका, मी त्यांना पत्र लिहू का? माझी चूक म्हणून?"

काका बोर्डावरची धूळ ब्रशने झाडत होते. धूळ नव्हती. "नको," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, शिकवण्याच्या आवाजात म्हणाले, "चेकरने खोडायचं नसतं, नीता. फक्त दाखवायचं असतं. खोडायचं की नाही ते ज्याचं ड्रॉइंग त्याने ठरवायचं."

ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

पुढचा शनिवार मी चुकवावा म्हणत होते, तर काकूंचाच फोन आला. "ये. नळी आलीय."

रेव्हिजन एकवीस बोर्डावर पसरलेली होती. सगळी पिवळी. रस्ते, जेटी, स्टेशन, चाळीसच्या चाळीस झाडं. लाल कुठेच नाही. बेकरीभोवती मात्र पिवळ्याचे दोन-तीन थर होते, परत परत तपासल्यासारखे. काकांनी पत्र मला वाचायला दिलं. स्वतः ते फॅनकडे बघत बसले.

'दादा, उत्तराला उशीर झाला. या वेळी तू एकही चूक ठेवली नाहीस. आधी वाटलं मलाच सापडत नाही, म्हणून चार रविवार सगळं गाव फिरलो. झाडं पुन्हा मोजली. तुझी तब्येत बरी आहे ना? वहिनींना म्हणावं, जे असेल ते खरं कळवा.'

"म्हणजे त्याला माहीत होतं," काकू दारातून म्हणाल्या. "इतकी वर्षं."

काका म्हणाले, "खाली आहे अजून. वाच."

'मूळ नावाचं विचारलं होतंस. लायब्ररीतल्या बाई म्हणतात, ज्यांचं आहे त्या लोकांनाच विचारायला हवं. त्यांच्यातल्या एका आजोबांना भेटणार आहे, मग लिहीन. तुझ्या घराचा नकाशा तू कधी पाठवला नाहीस. इथलं सगळं मला मोजायला लावतोस, तुझी गल्ली मला माहीत नाही. आमच्या शाळेला डिसेंबरात मोठी सुट्टी असते.'

त्या दुपारी शंभर फॅरनहाइटच्या वर तापमान होतं. काका टोपी घालून, वही आणि पेन्सिल घेऊन बाहेर पडले. मी बरोबर गेले, कारण एकटे गेले असते तर काकूंना पोलिसांना फोन करावा लागला असता. फ्रीवेच्या एग्झिटपासून पावलं मोजायला सुरुवात केली. शुगर लँडमध्ये कुणी चालत नाही. दोन गाड्या थांबल्या आणि राइड हवी का म्हणून विचारून गेल्या. काका दोघांनाही म्हणाले, "थँक यू, वी आर मेझरिंग." दोनदा आकडा विसरले आणि दोनदा पुन्हा एग्झिटपाशी गेले. आपल्याच गल्लीच्या तोंडाशी उभं राहून त्यांनी पाटी मोठ्याने वाचली, पहिल्यांदाच वाचत असल्यासारखी.

दोन शनिवारांत नकाशा झाला. शुगर लँड, रेव्हिजन शून्य. आमचंसुद्धा घर त्यात होतं, बाबांच्या पिकअपसकट. काकांनी तो मला दिला आणि म्हणाले, "तपास."

मी पिवळी पेन्सिल घेऊन बसले. एग्झिट, चर्च, गॅस स्टेशन, ग्रोसरी, गल्ली, घर. सगळं बरोबर. मेलबॉक्स मात्र ड्राइव्हवेच्या डावीकडे दाखवला होता. तो उजवीकडे आहे. काका रोज त्याच्यापाशी उभे राहतात.

"झालं तपासून?" काकांनी विचारलं.

"झालं."

मी कागद गुंडाळला, नळीत घातला, झाकण लावलं आणि सोमवारी कॉलेजला जाताना पोस्टात टाकला.