माडीवरची स्वायत्त परिषद

माझे दाजी स्वतःच्या स्वयंपाकघरात पाणी प्यायलाही परवानगी मागतात. उंबऱ्याबाहेर उभे राहून, गंभीर चेहऱ्यानं. आक्का, म्हणजे माझी बहीण, आतून हो म्हणेपर्यंत पाऊल टाकत नाहीत.

राज्यघटनेची सहावी अनुसूची कोल्हापुरात लागू नाही. ती ईशान्येकडच्या आदिवासी भागांसाठी. तिथल्या जमिनीचे, रानाचे, रीतिरिवाजांचे निर्णय तिथल्याच लोकांच्या स्वायत्त परिषदेनं घ्यायचे. कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीत दाजींच्या घरात मात्र ती कडक लागू आहे. दाजी नागरिकशास्त्राचे निवृत्त मास्तर. "पुस्तकात अर्धी ओळ हाय तिच्यावर," ते म्हणतात, "आन् सगळी लोकशाही त्या अर्ध्या ओळीत हाय."

स्वयंपाकघर आक्काच्या परिषदेकडे. गोठा म्हशीच्या परिषदेकडे. तिनं शेपूट झाडलं की ठराव फेटाळला. दाजी राज्यपाल, बिनपगारी.

सगळ्यात कडक परिषद माडीवरची. तिथं दाजींचा धाकटा भाऊ बापू राहतो. वय पन्नास, समज पाच वर्षांची. त्याचा कायदा एकच: आत येणाऱ्यानं रेडकासारखं रेकायचं. पंखा दुरुस्त करणारा रेकला. मतदारयादी तपासायला आलेल्या बाईसुद्धा तोंडाला पदर लावून रेकल्या.

आता माझं पाप सांगतो. आक्काचे गुडघे दुखतात, माडीवर ताट नेताना ती कण्हते. तिनं काही मागितलं नव्हतं. मीच शहाणपणा करून एका संस्थेचा फॉर्म भरून आणला, बापूला कायमचं तिथं ठेवायचा. दाजींची सही तेवढी हवी होती.

दाजींनी फॉर्म दोनदा वाचला. "पावणं, माझी सही चालत न्हाय. हद्द बापूची हाय. चला वर."

फॉर्म हातात धरून मी रेकलो. बापू खूश झाला. दाजींनी जमिनीवर बसून ओळ न् ओळ त्याला सोपी करून सांगितली. अर्धा तास लागला. बापूनं एकच विचारलं, दादा तिथं असणार का. दाजी नाही म्हणाले.

"मग न्हाय," बापू म्हणाला.

दाजींनी फॉर्मवर 'नामंजूर' लिहिलं, खाली बापूचा अंगठा घेतला. ताट वर न्यायचं काम त्याच बैठकीत राज्यपालांकडे आलं.

जिना उतरताना मी माफी मागितली. दाजी थांबले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "आमचं बाबा गेल्यावर मीच सोडून आलतो त्येला, असल्याच ठिकाणी. जत्रंला नेतो म्हणून. आठ दिसांनी जीव ऱ्हाईना, परत गेलो. नवी टोपी घालून फाटकात बसलेला. मला बघून म्हणला, चल की जत्रंला."