‘कोरडा घसा’ बँडचं पहिलं गाणं

मुलांनो, एका जंगलात तीन प्राण्यांचा एक रॉक बँड होता. चंदनी टिटवी गायची, दगडू साळिंदर गिटार वाजवायचा आणि भैरू रानडुक्कर ड्रम बडवायचा. बँडचं नाव होतं ‘कोरडा घसा’.

नाव उगाच नव्हतं. जंगलाच्या राजाने, म्हणजे बिबट्याने, डोहात पोहायची हौस म्हणून ओढा वरच्या अंगाला अडवला होता. खाली नुसते गोटे उरले होते. बेडूक तर केव्हाच गाव सोडून गेले होते.

चंदनीने गाणं लिहिलं. त्याचे शब्द असे होते: ‘पाणी अडवलंय बिबट्यानं, कातळाच्या वर. बांध फोडा, पाणी सोडा.’ चाल चांगली होती. गाणं मोबाईलवर आलं आणि सतरा जणांनी ऐकलं. त्यातले तिघे ते स्वतःच.

(जंगलात मोबाईल कसे आले, असं विचारू नका. तुमच्याकडे कसे आले?)

“व्हिडिओ हवा,” दगडू म्हणाला.

मग त्यांनी चित्तरंजन सरड्याला बोलावलं. तो मोठा दिग्दर्शक होता. त्याने एका कासवाला बाशिंग बांधून उताणं ठेवलं. भैरूला इस्त्रीच्या टेबलावर ड्रम वाजवायला लावलं. दगडू कोबीच्या गड्ड्याचे केस विंचरत होता. मागे एक जिना होता आणि त्यावरून सारख्या शेळ्या उतरत होत्या. वर एकही चढत नव्हती.

“यात पाणी कुठंय?” चंदनीने विचारलं.

“पाणी दाखवलं तर लोकांना वाटेल, गाणं पाण्याबद्दल आहे.”

“गाणं पाण्याबद्दलच आहे.”

“ते तू कोणाला सांगू नकोस,” सरडा म्हणाला.

व्हिडिओ तुफान चालला. माकडं फांदीफांदीवर बाशिंग बांधून उताणी पडू लागली. शेळ्या म्हणजे काळ की शेळ्या म्हणजे आपण, यावर घुबडाने तीन व्याख्यानं दिली. ऐकणाऱ्यांच्या जिभा टाळूला चिकटल्या होत्या, पण कोणी उठलं नाही.

एक दिवस बिबट्याचं बोलावणं आलं. तिघे हजर झाले.

“अकरा वेळा पाहिला,” बिबट्या म्हणाला. “अडवलेलं पाणी म्हणजे मन. बरोबर ना?”

चंदनी म्हणाली, “नाही महाराज. पाणी म्हणजे पाणी. तुम्ही अडवलंय ते.”

भैरूने डोळे मिटून घेतले.

बिबट्याच्या डोळ्यांत पाणी आलं. “काय बोललीस गं! कलावंत आहेस!” त्याने तिला शाल पांघरली आणि डोहाकाठीच बँडचा जलसा ठेवला.

सगळं जंगल आलं. गाणं रंगात आलं, तशी चंदनी थांबली. तिने पंखाने डोह दाखवला आणि जिवाच्या आकांताने ओरडली, “अरे, हे बघा पाणी! या, प्या!”

“प्या! प्या!” गर्दी तालावर ओरडली. हजार मोबाईल वर झाले. जागचं कोणी हललं नाही.

गर्दीत दगडूची म्हातारी आई होती. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे तिने व्हिडिओ पाहिलाच नव्हता. ती वाट काढत काठाशी गेली आणि पोटभर पाणी प्यायली. राखणीच्या कोल्ह्यांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग. त्यांनी तिला वाट करून दिली. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मग सगळे तहानलेले घरी गेले.

घुबड म्हणालं, “म्हातारीचा अभिनय थोडा जास्त सरळ वाटला.”

तात्पर्य, पाटीवर लिहून घ्या: राजाला खरं सुनावायचं असेल, तर कासवाला बाशिंग बांधून सुनावावं. शाल नक्की मिळते, राजालाही बरं वाटतं, आणि बांधाचा एक दगडसुद्धा हलत नाही.