न फुटणाऱ्या टकरी

टक्कर झाली की काहीतरी फुटलंच पाहिजे, हा अडाणी समज आहे. सुसंस्कृत टकरीत दोन प्रोटॉन प्रकाशाच्या जवळपास वेगाने समोरासमोर येतात, भिडतात आणि अंगची ऊर्जा जशीच्या तशी घेऊन, दिशा केसभर बदलून, आपापल्या वाटेने जातात. याला स्थितिस्थापक विकिरण म्हणतात. परदेशातल्या एका अजस्र यंत्रात साधारण चारातली एक टक्कर एवढी सभ्य निघते. बाकीच्यांत मोडतोड होते आणि भलतेसलते कण जन्माला येतात. माणसांनी हे प्रमाण कधीच मागे टाकलं आहे, हे त्या यंत्रावर काम करणाऱ्या प्रेरणाला आपल्या गावी, मोताळ्याला आल्यावर कळलं.

वडील गेले म्हणून ती आली होती. किसनराव एसटी स्टँडवरचे निवृत्त वाहतूक नियंत्रक. भोंग्यावर गाड्या पुकारण्यात हयात गेली. परत जाण्याआधी तिला एकच हवं होतं: आपल्याला ठाऊक नसलेली बाबांची एक तरी गोष्ट. भेटायला येणाऱ्यांची रीघ होती, म्हणजे नमुने भरपूर. (विज्ञानाला आणखी काय लागतं?)

रामराव आले. "लय सज्जन मानूस."

"काका, त्यांची एखादी आठवण?"

"सांगतो ना." रामरावांनी विचार केला. "सज्जन होते."

मग सोयाबीन काढायला मजूर भेटत नाही, हे सविस्तर झालं. निघताना ऊर्जा येतानाइतकीच. दिशेत किंचित बदल, कारण चपला कुणीतरी सरकवल्या होत्या. वंदनाआत्यांनी पदर डोळ्याला लावला, "तिकडं मेथी भेटते का वं?" विचारलं आणि पदर कोरडाच घेऊन गेल्या. कुठेही तडा नाही. शास्त्रज्ञांनी हे पाहिलं असतं तर यंत्र बंद करून मोताळ्यातच मुक्काम ठोकला असता.

मग शालूबाई आल्या आणि प्रयोगाची शिस्त बिघडली. टेकण्याआधीच म्हणाल्या, "तुह्या बापाशी माहं भांडन हाय."

"काऊन?" प्रेरणाच्या तोंडून हा शब्द कैक वर्षांनी निघाला.

"माह्या भाचीचं लगन होतं लोनारले. गाडी लागली, अन् तुहे बाबा गाडी पुकारायचं सोडून भोंग्यावर सांगून राह्यले, 'आमची पोरगी परदेशात दोन कण धडकवते, ओरखडाही येत नाही. चालक बंधूंनी बोध घ्यावा.' समदा स्टँड हासला. मीबी हासली. तवर गाडी गेली निंघून."

"मग?"

"मंग अबोला. म्हटलं, एक दिवस चांगली झाडीन त्याइले." शालूबाईंचा आवाज फाटला. "राहूनच गेलं बाई."

प्रेरणा आधी हसली. मग ते हसणं तिच्या हातात राहिलं नाही, आणि शालूबाईंच्याही. आत चहा उतू गेल्याचा वास आला. कुणी उठलं नाही.

शास्त्रीयदृष्ट्या ही टक्कर बाद. ऊर्जा वाया गेली, दोन्ही बाजूंची मोडतोड झाली आणि घरात आधी नसलेलं काहीतरी निर्माण झालं. पण काळजी नको, सरासरी तुम्ही सांभाळली आहे. परवाच तुम्हीही एका घरी सांत्वनाला जाऊन आलात, आणि येताना वाटेत गाडीत हवासुद्धा भरून घेतलीत.